डीव्हीडीपुढे हळदकुंकू

“लावा! आत्ताच्या आत्ता लावून दाखवा! डीव्हीडी हाय म्हणता न्हवं? मग चालू करा! ती चालू झाल्याबिगर इथं अक्षता पडायच्या न्हाईत!”

हे ओरडत होते नवरदेवाचे दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे मालक. आणि साधंसुधं नव्हे, माईकवर. आहेर वाचून दाखवणाऱ्या शाळेच्या गुरुजींच्या हातातून त्यांनी माईक हिसकून घेतला होता, आणि मांडवाच्या चार खांबांना बांधलेले चार भोंगे आमच्या घरची अब्रू चारी दिशांना वाटत सुटले होते. आमचं गाव हट्ट्याच्या बाजूला. माझ्या अंदाजानं तो आवाज वसमतच्या बाजारापर्यंत गेला असणार. निदान तिथले बैल रवंथ थांबवून दोन मिनिटं ऐकत उभे राहिले असणार. रुक्मी, माझी धाकटी बहीण, मुंडावळ्या बांधून, हातात हार घेऊन अंतरपाटाच्या अलीकडं उभी. पलीकडं नवरदेव. मधे एक पांढरं फडकं आणि एक डीव्हीडी प्लेअर.

त्याला आता वीसएक वर्षं झाली. पण फाल्गुन आला, शिवाराशिवारात हळद शिजायला लागली, की तो भोंगा माझ्या कानात पुन्हा सुरू होतो. आमच्याकडं या दिवसांत हवेला रंग असतो. वाळत घातलेल्या हळदीचा पट्टा रस्त्याच्या कडेनं दूरवर पसरलेला, माणसांच्या भुवया पिवळ्या, कुत्री पिवळी, चहावरची साय पिवळी. आमच्या गल्लीतला एक पांढरा बैल या मोसमात दोनदा चोरीला गेला असं मालकानं ओरडून सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो दावणीलाच निघाला. मालकानं ओळखला नव्हता. बाहेरगावचे पाहुणे येतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, काय मंगल वास आहे हो! मी नाकाला रुमाल लावतो. मला त्या वासाची शिसारी येते. उकडलेल्या हळदीच्या वासात मला गरम झालेल्या प्लास्टिकचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग माझा स्वतःचा.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना आधी सांगतो. त्या दिवसांत पिक्चर तबकडीवर मिळायचा, आणि तबकड्यांच्या दोन जाती होत्या. व्हीसीडी आणि डीव्हीडी. दिसायला सख्ख्या जुळ्या. पण व्हीसीडीवर पिक्चर मावायचा नाही, म्हणून तो दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांत चिरून यायचा. डीव्हीडीवर आख्खा मावायचा. डीव्हीडीचं यंत्र दोन्ही जाती गिळायचं. व्हीसीडीचं यंत्र मात्र डीव्हीडी बघितली की तोंड फिरवायचं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहायचं, तबकडीच नाही. हातानं घातलेली तबकडी, आणि हे तोंडावर म्हणणार, नाही!

एवढ्यावरून आमच्या गावात दोन तट पडले. व्हीसीडीवाले म्हणायचे, आमची तबकडी गल्लीगल्लीत मिळते, तुमची आणायला हिंगोली गाठावी लागते. डीव्हीडीवाले म्हणायचे, तुमचा हिरो पहिल्या तबकडीत दरीत पडतो आणि दुसरी तबकडी सापडेपर्यंत लोंबकळत राहतो. ते खरंच होतं. दुसरी तबकडी कायम दुसऱ्याच्या घरी असायची. आमच्या शेजारची एक सून चार वर्षं असंच समजत होती की सगळे पिक्चर नायिकेच्या बापानं थोबाडीत मारली की संपतात. एका घरी तर तीन तबकड्यांत तीन वेगळे पिक्चर भरले होते. त्यांनी ते सलग बघितले, आणि हिरोचं तोंड तीनदा बदललं तरी कोणाला काही खटकलं नाही. रडायच्या जागी रडले, उठले, जेवले. दिवसाला चार तास लाईट, आणि त्या चार तासांत कोणती जात श्रेष्ठ यावर सहा तास भांडण.

आणि ती तबकडी पुसायची रीत! अडकली की यंत्रातून काढायची, हा करून तोंडाची वाफ मारायची, वाफेनं भागलं नाही तर थुंकी लावायची, आणि धोतराला नाहीतर पदराला घासायची. तीच तबकडी मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. तंबाखूची थुंकी, पानाची थुंकी, लेकराची थुंकी. आख्ख्या गावानं एकमेकांची लाळ पुसत तीन वर्षं करमणूक करून घेतली. आज आठवलं तरी घास घशाखाली उतरत नाही. पण मी स्वच्छ होतो असं सांगितलं तर ती माझी आजची थाप होईल. मीही थुंकलो आहे. भरपूर.

तर अशा त्या लढाईच्या ऐन मोसमात रुक्मीचं लग्न जमलं. सोयरीक सेनगावकडची, पुसेगावच्याही पलीकडली. बैठकीत नवरदेव खाली मान घालून सुपारी कातरत बसला, आणि बोलले ते दाजी. दाजी तालुक्याच्या गावी राहायचे, म्हणजे त्यांना सगळं कळायचं.

“आमाला काय बी नको,” दाजी म्हणाले. “नारळ आन् पोरगी. बस. आमी मागणारे लोक न्हाईत.”

“माणसं चांगली हायेत,” अण्णा आमच्याकडं वळून म्हणाले.

“फकस्त पोराची हौस हाय. टीव्ही आन् डीव्हीडी. व्हीसीडी नको हां. व्हीसीडी आता भिकारी बी घेऊन नाही राहिला.”

हौस या शब्दाची मला तेव्हापासून किळस आहे. मागणी म्हटलं की लाज वाटते, म्हणून तिला हौसेचं झबलं घालायचं आणि पोरीच्या बापाच्या मांडीवर आणून ठेवायचं. पण माझ्या बापाला असं काही वाटलं नाही. अण्णा म्हणजे आवाज. त्यांनी वावरातून घरी हाक मारली की मधल्या तीन वस्त्यांतल्या बाया “आलो जी!” म्हणून उठायच्या. त्यांना आयुष्यात कधी भोंगा लागला नाही. ते त्याच आवाजात म्हणाले, “देतो की! डीव्हीडीच देतो! बराबर देतो!” आणि आढ्यावरची दोन पाखरं घाबरून कायमची गाव सोडून गेली.

वसमतच्या दुकानात मी अण्णांबरोबर होतो. दुकानदार भला माणूस. त्याच्याकडं व्हीसीडी प्लेअरची एवढी थप्पी साचली होती की तो स्वतः त्यांच्यामागून फक्त टोपीपुरता दिसायचा.

“अण्णा, डीव्हीडी घ्या, व्हीसीडी फुकट घेऊन जा,” तो म्हणाला.

“फुकट काहून? खराब हाय काय?”

“खराब न्हाई, म्हातारी झाली. तुमी नेली तर मला बसायला तरी जागा व्हईल.”

अण्णा खूश. जीपमध्ये दोन डबे मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, “ही मोठी रुक्मीला. ही फुकटची तुला.”

घरी आल्यावर मायनं डीव्हीडी पाटावर मांडली. आमच्याकडं नवीन वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू. मग तो नांगराचा फाळ असो की मोटारसायकल. लाईट होती, म्हणून मी शहाणपणा दाखवायला बटण दाबलं. सूंऽ असा आवाज करत यंत्रानं आपलं तबकडीचं ताट बाहेर काढलं.

“अगं बाई! ताट म्होरं केलं की यानं!” माय म्हणाली. आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं त्या ताटात घरच्या हळदीची चिमूट, कुंकवाची चिमूट, आणि वर पाच-पंचवीस अक्षता ठेवल्या. मी घाबरून बटण दाबलं. ताट सगळं घेऊन आत गेलं. मायनं डोळे मिटून हात जोडले.

“घेतलं गं माय,” ती म्हणाली.

अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. उलटं करून चार वेळा हापटलं, थोडं सांडलं, थोडं आत राहिलं. तेवढ्यात लाईट गेली, डबा बंद झाला, आणि लग्नघरात दहा कामं होती.

आता पुढचं सांगायचं तर ते मी आजवर निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितलं आहे. कोणाला सांगितलं दुकानदार लबाड होता. कोणाला सांगितलं जीपमध्ये डबे उलटेपालटे झाले. एकाला तर मी सांगितलं की परभणीच्या स्टँडवर एक टोळी डबे बदलून देते, आणि तो अजून त्या स्टँडवर उतरत नाही. खरं असं की लग्नाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सगळे मांडव घालायला गेलेले असताना, मी दोन्ही यंत्रं घेऊन आमच्या हळदीच्या कढईपाशी गेलो. कढईची वाफ दाखवली की दुकानदारानं यंत्राचं नाव लिहून लावलेली चंदेरी चिठ्ठी अलगद सुटते हे मला ठाऊक होतं. डीव्हीडीवरची चिठ्ठी व्हीसीडीवर चिकटवली. व्हीसीडीची चिठ्ठी कढईखालच्या जाळात टाकली. व्हीसीडी मोठ्या डब्यात, डीव्हीडी माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली.

काहून? मी बावीस वर्षांचा होतो आणि हिंगोलीच्या एका दुकानात मी डीव्हीडी चालू असलेली पाहिली होती. त्यातल्या हिरोच्या मिशीचे केस मोजता येत होते. मी मोजले. मला वाटलं, रुक्मीला चूल-शेणातून बघायला वेळ कुठं मिळणार? नवरदेवाच्या गावाला लाईट तरी असते का? आणि दाजीला काय कळतंय? असं माझ्या मनात मी तिच्या संसाराचं सगळं ठरवून टाकलं. बहिणीच्या आंदणातून चोरी करणाऱ्या माणसाचं मन किती व्यवस्थित चालतं, हे मी त्या दुपारी पाहिलं. चिठ्ठी तर अशी सरळ चिकटवली की दुकानदारालाही जमली नसती.

आणि दाजी शर्टाच्या खिशात तबकडी घेऊन आले. रुमालात गुंडाळलेली, अस्सल डीव्हीडीची तबकडी. पुढं कळलं की दाजीच्या स्वतःच्या घरी टीव्हीच नव्हता. ती तबकडी ते भांग पाडायला आरसा म्हणून वापरायचे. पण त्या दिवशी ती त्यांनी अशी उंच धरली की जणू पंचांग. आंदणातला टीव्ही जोडला, भोंग्याच्या जनरेटरवरून लाईट घेतली. मांडवातली पाचशे माणसं वधूवरांकडं पाठ करून टीव्हीकडं तोंड करून बसली. ब्राह्मण अंतरपाट धरून अवघडला, त्यानं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

अण्णा तापले होते. “माझ्या या हातानं आणलीया! माझ्या घरात तिची पूजा झालीया! डीव्हीडी न्हाई तर काय हाय मंग?” असं ते गर्जत असतानाच दाजींनी बटण दाबलं. सूंऽ. ताट बाहेर आलं. कोरं, काळं, चकचकीत. अण्णांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्याच वेळी भोंग्यातून कानाचे पडदे फाडणारी शिटी निघाली, म्हणून ते थांबले असं मला वाटलं. मायनं एकदा ताटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पदर सारखा करून ती जमिनीकडं बघत राहिली.

तबकडी आत गेली. निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. दाजींनी ती माईकवर वाचली आणि अर्थही सांगितला.

“नो डिस्क! डिस्कच न्हाई म्हणतंय! व्हीसीडी हाय ही! फसवून राहिले आमाला! चला रे, बसा जीपमधी!”

वऱ्हाड उठलं. खरंच उठलं. बाया लेकरं काखेत मारून निघाल्या. नवरदेवाला कोणीतरी विचारलं, “तुमी तरी बोला की.” तो म्हणाला, “दाजी म्हणतील तसं.” रुक्मी अंतरपाटाआड होती. तिला काही दिसत नव्हतं, पण चार भोंग्यांतून सगळं ऐकू येत होतं. ती हातातल्या हाराकडं बघत उभी होती, आणि मला तिच्या हळद लागलेल्या हातांचे तेवढे पंजे दिसत होते.

तेव्हा मी शूर झालो. “दुकानदारानं डबे बदलले असतील! दुसरा डबा घरी हाय, आणतो!” असं ओरडून मी पळत सुटलो. ट्रंकेतून डीव्हीडी काढली आणि देव आणल्यासारखी डोक्यावर धरून आणली. लोकांनी मला वाट करून दिली. दोघांनी पाठीवर थाप मारली. “पोरगं हुशार हाय,” कोणीतरी म्हणालं. ती थाप माझ्या पाठीवर अजून आहे. अंघोळीत घासली तरी जात नाही.

बटण दाबलं. पिवळं ताट बाहेर आलं.

“हे काय हाय?” दाजी माईकवर म्हणाले. “पंगतीत वाढलेला माल देऊन राहिले काय?” तरी त्यांनी तबकडी घातली. आतून जात्यावर खडे भरडल्यासारखा आवाज आला. करर्र, करर्र. अक्षता. मग हळद भाजल्याचा वास. मग तोच निळा पडदा आणि तीच अक्षरं. मांडवात कोणीतरी हसलं, आणि मग ते हसू वणव्यासारखं पसरलं. दोन यंत्रं, दोन्ही मुकी. माझ्या मायची भक्ती आणि माझी चोरी, दोन्हींचा निकाल एकच लागला.

अण्णा पुढं झाले. दाजींच्या हातातून त्यांनी माईक मागून घेतला. ज्या माणसाला आयुष्यात भोंगा लागला नाही, त्यानं माईक तोंडाशी धरला आणि तो बोलला तेव्हा पहिल्या रांगेलासुद्धा कळेना की बोलतोय काय. गुरुजींनी पुढं होऊन आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

“चूक झाली,” अण्णा म्हणत होते. “आमच्या हातून चूक झाली. माफी करा. आठ दिवसांत नवी आणून देतो. लेकरू उभं हाय कवाचं.”

आमच्या हातून, असं ते म्हणाले. मी तेव्हा त्याचा अर्थ काही लावला नाही. मी फक्त हिशेब केला की सगळे दुकानदाराला शिव्या देऊन राहिलेत, आणि मी सुटलो. दाजींनी पाच मिनिटं आढेवेढे घेतले, कोणीतरी त्यांना सरबत दिलं, वऱ्हाड पुन्हा बसलं, अक्षता पडल्या. त्या जेवणात मी तीन वेळा बुंदी मागून घेतली.

आठ दिवसांत नवी डीव्हीडी गेली. अण्णा दुकानदाराशी भांडायला मात्र गेले नाहीत. नवी आणली तीही हिंगोलीहून, वसमतच्या रस्त्यालाच लागले नाहीत. मी म्हटलं, आपलं नशीब. घरातला त्यांचा आवाजही त्यानंतर जरा खाली आला. लोक म्हणाले, पोरगी गेली ना सासरी. मीही तेच म्हणालो, दहा ठिकाणी, डोळ्यांत पाणी आणून.

माझी डीव्हीडी मी दुरुस्त करून घेतली. चालायची. पण अर्धा तास झाला, यंत्र गरम झालं, की त्यातून उकडलेल्या हळदीचा वास यायचा. हिरो दरीत, हिरॉईन पावसात, आणि खोलीभर हळद. दोन पिक्चरच्या वर मी तिच्यावर काही पाहू शकलो नाही. नंतर दोन्ही जातीच्या तबकड्या मेल्या. ज्या तबकड्यांनी लग्नं अडवली त्या आता ज्वारीत पाखरं भिववायला टांगतात, आणि पाखरंही त्यांना भीत नाहीत.

यंदा घर झाडताना ती डीव्हीडी माळ्यावर सापडली. भंगारवाल्यानं हातात घेतली, उलटी केली, आणि परत माझ्याच हातात दिली. “ये नहीं चलता, काका.” अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी ती तशीच खाली ठेवली आणि रुक्मीच्या गावाला गेलो.

ती वावरातच होती. तिच्या कढया गेल्या, आता शिजवायचा मोठा कुकर आहे, चार बायका हाताखाली. केस पांढरे झालेत, अण्णांसारखी ओरडते. नवरा अजून कोपऱ्यात सुपारी कातरत असतो. ती शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून बघत होती, शिरते का.

“रुक्मे,” मी म्हणालो, “तवाचा डबा दुकानदारानं न्हाई बदलला. मी बदलला व्हता.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. तिनं दुसरं हळकुंड घेतलं.

“कवापासून?”

“तू दुसरा डबा आणाया पळालास, तवा माय माझ्यापाशी येऊन रडत व्हती. तवाच तिला इचारलं मी.”

मी तिथंच ढेकळांवर बसलो. “मंग बोलली काहून न्हाईस? अण्णा तिकडं समद्यांदेखत माफी मागून राहिले व्हते. निदान त्यांना तरी सांगायचं.”

“अण्णालाबी ठावं व्हतं.”